वाचकांचे प्रश्न : पर्सचा रंग साडीला लागतो

प्रश्न : बाभळीच्या सालीने कमावलेल्या चामड्याची पर्स मी घरी शिवली, स्पिरिटच्या तांबड्या रंगाने रंगवली आणि वर मधमाशीचे मेण चोळले, तरीही सराफ्यात एक फेरी मारून येईपर्यंत मोतिया साडीवर कमरेपाशी तांबूस पट्टा उमटला. काय चुकले? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : मेण पाण्याला काही काळ थोपवते, सुट्या रंगाला नाही. स्पिरिट उडून गेल्यावर चामड्यात न मुरलेला रंग पुडीसारखा वरच राहतो, आणि तो पुसून काढण्याच्या कंटाळवाण्या कामालाच बहुतेक जण फाटा देतात. आता मेणावर दुसरा थर नीट धरणार नाही, म्हणून आधी कोपऱ्यात तपासून, टर्पेंटाइनचा जेमतेम ओलावा असलेल्या फडक्याने ते उतरवावे. पर्स सुकल्यावर जुन्या धोतराच्या तुकड्याने, तो पांढरा राहीपर्यंत, घासावी. मग चामड्यासाठीच मिळणारे अ‍ॅक्रिलिक फिनिश, म्हणजे रंगावर बसणारा पारदर्शक लेप, समभाग पाण्यात मिसळून, पिळलेल्या स्पंजने त्याचे दोन पातळ हात द्यावेत; पहिला पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा देऊ नये आणि नंतर निदान 24 तास पर्स वापरू नये. जाड थराला घडीवर भेगा पडतात. फर्निचरचे व्हार्निश तर मुळीच नको, मग दुकानदार काहीही सांगो. मेण हवेच असेल, तर ते सर्वांत शेवटी.

पांढरा रुमाल किंचित ओला करून पर्सच्या पट्ट्यावर वीसेक वेळा घासून पाहावा. त्यावर छटा आली, तर पर्स अजून साडीजवळ नेऊ नये.