व्हिडिओतून चार पैसे मिळतात, म्हणून तुम्ही ग्राहक नाही?

प्रश्न : मॅडम, मी धायरीला राहतो. सकाळी एका क्लासमध्ये शिकवतो आणि उरलेल्या वेळात गडकिल्ल्यांच्या भटकंतीचे व्हिडिओ करतो. दोन्हीवर मिळून घर चालतं. जुना कॅमेरा अपुरा पडायला लागला, म्हणून एप्रिलमध्ये बुधवार पेठेतल्या एका दुकानातून नवा मिररलेस कॅमेरा लेन्ससकट घेतला. माझं बरंचसं शूटिंग पावसाळ्यात असतं हे मी व्हॉट्सअॅपवर लिहून विचारलं होतं. ‘वेदर सील्ड आहे, पावसात बिनधास्त वापरा’ असं उत्तर आलं. किंमत ९२,००० ठरली. जुना कॅमेरा १४,००० ला वळता केला, ६०,००० यूपीआयने दिले, १८,००० रोख. पक्कं बिल दिलं नाही. एस्टिमेटवर हाताने ‘१ वर्ष वॉरंटी’ लिहून शिक्का मारून दिला. जूनमध्ये गुंजवण्याहून राजगड चढताना पाऊस लागला आणि कॅमेरा बंद पडला. कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणतं, आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही, शिवाय हा सिरियल नंबर भारतात विकायला आलेल्या मालातला नाही. दुकानदाराच्या वकिलाने कळवलंय की मी व्हिडिओतून कमावतो, त्यामुळे कायद्याने ग्राहकच नाही, आणि बिलही नाही. मित्र म्हणतो दोन लाखांचा दावा ठोक. मी काय करू? दुकानदार आता ‘कॅमेरा दुकानात आणून ठेवा, बघतो’ म्हणतोय. देऊ का?

उत्तर : तुमच्या पत्रासोबतचे फोटो मी दोनदा पाहिले. त्यातल्या एका फोटोबद्दल आधी बोलते, कारण पाणी गेलं ही आपलीच चूक असं तुमच्या मनात घर करून बसलेलं दिसतं.

लेन्स काढून तिची मागची बाजू तुम्ही टिपली आहे. पावसात वापरायच्या लेन्सला तिथे, धातूच्या कडेभोवती, रबराची बारीक काळी रिंग असते. लेन्स बसवली की ती दाबली जाते आणि फट बुजते. तुमच्या लेन्सला ती रिंगच नाही. कॅमेऱ्याची बॉडी सील्ड असली तरी साधी किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच येणारी) लावली की पाणी नेमकं त्या सांध्यातून आत शिरतं. शिवाय ‘वेदर सील्ड’ म्हणजे शिंतोडे-धूळ अडवणारा, वॉटरप्रूफ नव्हे. बऱ्याच कंपन्या माहितीपत्रकात तळटीप देऊन हे सांगतात. दुकानदाराला हा फरक माहीत असायला हवा होता, कारण हाच माल तो रोज विकतो. तुम्ही गरज सांगितलीत, त्याच्या जाणकारीवर विसंबलात, आणि त्याने ‘बिनधास्त’ म्हणून बॉडीला न शोभणारी लेन्स जोडून दिली. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम १६ याच परिस्थितीसाठी आहे: ग्राहकाने गरज सांगून विक्रेत्याच्या कौशल्यावर भरवसा ठेवला, तर माल त्या कामाला योग्य असलाच पाहिजे. आणि नसलेला गुण आहे म्हणून सांगणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. तेव्हा मनातली ती बोच काढून टाका.

आता वकिलाच्या उत्तराकडे वळू. खरी लढाई तिथेच होणार आहे.

व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक नव्हे, असं ग्राहक कायद्याचं कलम २(७) म्हणतं, हे खरं. पण त्याच कलमाचं स्पष्टीकरण त्यांनी सोयीस्करपणे गाळलं आहे. स्वयंरोजगारातून आपला उदरनिर्वाह चालवण्यासाठीच घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू ‘व्यापारी कारणा’त मोडत नाही. शिलाई मशीन घेणारी बाई किंवा स्वतःची रिक्षा स्वतः चालवणारा माणूस ज्या कारणाने ग्राहक ठरतो, त्याच कारणाने तुम्हीही ठरता. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या खटल्यात हे उलगडून सांगितलं. हाताखाली एखाददुसरा मदतनीस असला तरी चालतं, असंही त्यात आहे, म्हणून धाकट्या भावासारखं कुणी ट्रायपॉड धरत असेल तरी चिंता करू नका. २०२४ मध्ये श्रीराम चिट्सच्या प्रकरणात याच न्यायालयाने सांगितलं की खरेदी व्यापारी कारणासाठी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्या विक्रेत्याची. म्हणजे हा बोजा दुकानदारावर आहे.

तरीही त्या स्पष्टीकरणातल्या एका शब्दावर ते अडून बसतील: ‘केवळ’. केवळ उदरनिर्वाहासाठी. क्लासचा पगार दाखवून ते म्हणतील, तुमचं पोट तर शिकवण्यावर चालतं, व्हिडिओ म्हणजे वरकमाई. यावर माझं म्हणणं असं की ‘केवळ’ हे वस्तूच्या हेतूबद्दल आहे, माणसाला उत्पन्नाचा एकच मार्ग असावा असं कलम म्हणत नाही. पण हे पटवायचं तर कागद लागतील. दोन-तीन वर्षांचं बँक खातं जोडा. क्लासचे किती आले, व्हिडिओचे किती आले, घरभाडं आणि किराणा कशातून गेला, हे त्यात दिसू दे. कुणी सल्ला देईल की ‘हा माझा छंद आहे’ असं लिहून मोकळे व्हा. तसं अजिबात करू नका. तुमचे व्हिडिओ जगजाहीर आहेत, त्यात जाहिरातीही असतील. एक खोटं विधान पकडलं गेलं की बाकीचं खरंही संशयात येतं.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने आपोआप झाली आहे. फर्मच्या नावावर, जीएसटी नंबर टाकून खरेदी केली असती आणि त्या कराची वजावट घेतली असती, तर हीच केस बरीच अवघड झाली असती.

मित्राचा दोन लाखांचा सल्लाही मी याच कारणाने बाजूला ठेवते. ‘स्पॉन्सर गेला, धंदा बुडाला’ असं लिहून तुम्ही मोठा आकडा मागितलात, की ‘बघा, धंदाच आहे’ हे दुकानदाराचं म्हणणं तुमच्याच अर्जातून सिद्ध व्हायला लागतं. कॅमेऱ्याची किंमत व्याजासह मागा, सर्व्हिस सेंटरला जे पैसे भरले ते मागा, मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च म्हणून माफक रक्कम मागा. ग्राहक कायद्याच्या कलम ३९ मध्ये हे सगळं बसतं. आकडा जितका हिशोबाला धरून, तितकं ग्राहक आयोगाला ते देणं सोपं.

बिलाचं ऐकून मला खरंच राग आला. पावती देण्याची जबाबदारी जीएसटी कायद्याच्या कलम ३१ ने विक्रेत्यावर टाकली आहे, आणि बिल न देणं हीच ग्राहक कायद्यात अनुचित प्रथा आहे. स्वतः बिल द्यायचं नाही आणि मग ‘तुमच्याकडे बिल नाही’ म्हणून तोंड वर करायचं, हे आयोगासमोर टिकणार नाही. यूपीआयची नोंद आहे. एस्टिमेटवर पेन्सिलीने ‘जुना वजा १४,०००’ लिहिलंय ते फोटोत दिसतंय. पेन्सिल पुसट होते, आजच त्याची चांगली स्कॅन प्रत करून ठेवा. आणि शिक्क्यासह लिहिलेली ‘१ वर्ष वॉरंटी’ ही कंपनीची नाही, दुकानाची स्वतःची आहे. कंपनीने हात झटकले तरी दुकानाला ते करता येणार नाही.

आता सिरियल नंबरचं. परदेशातून आणलेला कॅमेरा विकणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही, पण तो तसा आहे हे लपवून, भारतातली वॉरंटी असल्याच्या थाटात विकणं ही फसवणूक आहे. खोका जपून ठेवला असेल तर त्याच्या सहाही बाजू तपासा. आयात मालाच्या पॅकवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली किंवा चिकटवलेली असावी लागते, २०११ च्या पॅकबंद मालाच्या नियमांप्रमाणे. तसं स्टिकर नसेल तर फोटो काढा. तो पुरावा आहेच, शिवाय वैध मापन शास्त्र विभागाकडे (वजन-मापांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) वेगळी तक्रारही करता येते.

व्हॉट्सअॅपचं संभाषण पुसू नका, फोन बदलू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरेल असं समजू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत हा इलेक्ट्रॉनिक पुरावा खरा असल्याचं प्रमाणपत्र जोडावं. ग्राहक आयोग पुराव्याबाबत कोर्टाइतका काटेकोर नसतो, पण ‘पावसात बिनधास्त वापरा’ हे एक वाक्य तुमच्या केसचा कणा आहे, त्यात कच्चा दुवा नको.

आधी स्पीड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस पाठवा. ती कायद्याने सक्तीची नाही, पण पुढे उपयोगी पडते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, कधी कधी तेवढ्यानेही दुकान नमतं. नाही नमलं तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या अर्ज भरता येतो, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण पुढच्या पावसाळ्याची वाट बघू नका. आयोगाने मध्यस्थीचं विचारलं तर नकार देऊ नका. तुम्हाला हातात कॅमेरा हवाय, वर्षानुवर्षांच्या तारखा नकोत. ग्राहक पंचायतीचे कार्यकर्तेही अर्ज लिहायला मदत करतात. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ही चळवळ पुण्यातूनच सुरू केली, त्यांचा दरवाजा ठोठवायला संकोच नको.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. कॅमेरा असाच नेऊन देऊ नका, आणि ओळखीच्या मेकॅनिककडून उघडूनही घेऊ नका. आयोग तो तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवू शकतो, तेव्हा तो आज आहे त्या अवस्थेतच असायला हवा. बॅटरी काढून ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाकून डबा बंद करा, झाकणावर तारीख घाला. दुकानदाराला खरंच बघायचा असेल तर त्याने आधी लेटरहेडवर लिहून द्यावं: सिरियल नंबर, लेन्सचा नंबर, मिळाल्याची तारीख, कॅमेऱ्याची स्थिती आणि किती दिवसांत परत देणार ते. तो लिहून देत नसेल, तर कॅमेरा पुन्हा पिशवीत घाला आणि धायरीला परत न्या.