बटणं हलवण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. आपल्या मुक्त सॉफ्टवेअरची बटणं-खिडक्या नव्याने मांडायचा तुझा आराखडा पाहिला आणि त्यावरून पेटलेला वादही वाचला. आराखडा देखणा आहे. पण विरोध करणाऱ्यांना तू सरसकट ‘बदलाला घाबरणारे’ म्हणालास, ते मला अजिबात पटलं नाही.

स्वयंसेवी प्रकल्पात कुणी कुणाचा साहेब नसतो. वादात तू जिंकलास तरी कोड लिहायला आणि तपासायला माणसं पुढे आली नाहीत, तर प्रस्ताव तसाच पडून राहतो. फारच बिनसलं तर लोक जुना कोड उचलून वेगळी चूल मांडतात. २०११ मध्ये ग्नोम ३ हा लिनक्सवरचा नवा डेस्कटॉप आला तेव्हा खिडकी लहान करायचं बटणसुद्धा मूळ मांडणीतून गेलं. त्याच वर्षी आधीच्या ग्नोम २ चा कोड पुढे नेणारा ‘माटे’ हा वेगळा डेस्कटॉप उभा राहिला, आणि तो आजही चालू आहे.

फोटो-चित्रांवर काम करायच्या गिम्प या सॉफ्टवेअरचंही बघ. २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून ‘सेव्ह’ म्हटलं की फाइल फक्त एक्ससीएफ या गिम्पच्या स्वतःच्या प्रकारात जतन होते. जेपेग हवी तर ‘एक्स्पोर्ट’ करावं लागतं. कारण रास्त होतं: जेपेगमध्ये लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक रचलेले थर, टिकत नाहीत, आणि सगळं जतन झालं या समजुतीत माणूस फाइल बंद करून मोकळा होतो. पण ज्याला फोटो उघडून, कडा कापून परत तिथेच ठेवायचा आहे, त्याच्या बोटांना रोज अडखळायला होतं. बदल टिकला, तक्रारीही टिकल्या. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, कारण दोघांची कामं वेगळी होती. म्हणून तुझ्या प्रस्तावात ‘सुटसुटीत’, ‘आधुनिक’ हे शब्द आलेत तिथे कुणाचं कोणतं काम सोपं होणार आणि कुणाचं अवघड, ते लिही. अवघड होणाऱ्यांची बाजू तूच आधी मांडलीस, तर निम्मा वाद तिथेच शमेल.

मला सगळ्यात भावलेली तोड ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरची. तिथे वर्षानुवर्षं वस्तू निवडायला माउसचं उजवं बटण होतं. दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरवरून आलेला माणूस पहिल्याच मिनिटाला गोंधळायचा. जुलै २०१९ मध्ये आलेल्या २.८० आवृत्तीत डावं बटण मूळ ठरलं, पण पहिल्यांदा उघडताच कोणतं बटण हवं ते विचारायची सोय ठेवली. नव्यांसाठी ठाम निर्णय झाला आणि जुन्यांच्या हाताची सवयही मोडली नाही.

मात्र यावरून ‘सगळंच ऐच्छिक ठेवू’ असं म्हणू नकोस. लिब्रेऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुने टूलबार आहेत, टॅबची पट्टी आहे, आणखीही मांडण्या आहेत. मला ती मोकळीक आवडते. पण नवी सोय आली की तिला प्रत्येक मांडणीत जागा द्यावी लागते, आणि ते काम कुणीतरी स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी करतं. तुझ्या प्रस्तावात जुनी मांडणी कोण सांभाळणार, याबद्दल चकार शब्द नाही.

आता एक काम कर. दोन-तीन नेहमीच्या वापरकर्त्यांशेजारी बस, त्यांना त्यांचंच काम करू दे, आणि तू तोंड उघडू नकोस. माउस कुठे घुटमळतो, कुठली कळ न बघता दाबली जाते, तेवढं टिपून घे. शिवाय आराखड्यातल्या इंग्रजी पाट्या काढून मराठी घालून पाहा. तुझी टॅबची पट्टी इतकी अरुंद आहे की ‘पूर्वावलोकन’ लिहिलं तर वरून रफार कापला जाईल आणि खालून ऊकार. मराठीतून वापरणाऱ्याला हे पहिल्या दिवशी दिसेल.

सगळा आराखडा एकदम रेटू नकोस. आधी फक्त निर्यातीची, म्हणजे ‘एक्स्पोर्ट’ची, खिडकी घे. आणि सगळ्यात लांब हरकत ज्यांनी लिहिली, त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना आजच निरोप धाड, की तुमचं काम स्क्रीनवर दाखवाल का. ते माउसला हात न लावता काम करतात, आणि तुझ्या नव्या खिडकीत टॅब कळ दाबत ‘जतन करा’पर्यंत पोचताच येत नाही. ते दुरुस्त झालं की कोड माझ्याकडे पाठव, मी तपासतो.

कळावे.