नाकावर विसंबू नकोस

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

माहुलच्या रिफायनरीत शटडाऊनच्या (यंत्रं बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या) कामाला लागलास हे वहिनींकडून कळलं. आनंद झाला, पण रात्री झोप येईना म्हणून लिहायला बसलो. माझी ३१ वर्षं याच धंद्यात गेली. आगीची, उंचीची भीती तुला आपोआप वाटेल. हवेची वाटणार नाही, म्हणून हवेबद्दलच लिहितो.

पहिल्याच आठवड्यात सडक्या अंड्यासारखा वास येईल. तो हायड्रोजन सल्फाइड. जुने गडी म्हणतील, वास येतोय ना, मग काळजी नाही. वायू आला की कळतोच. मीही कितीतरी वर्षं हेच खरं धरून चाललो. हा वायू अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो, पण १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या, आसपास गेला की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला असं समजू नकोस, तो वाढलेलाही असेल. ५०० च्या पुढे माणूस उभ्याउभ्या कोसळतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खड्ड्यात, ड्रेनमध्ये, टाकीच्या तळाशी साचतो. आत कुणी पडलेला दिसला तरी तसाच खाली उतरू नकोस. एकाला काढायला गेलेले दोघे-तिघेही तिथेच राहतात. आरडाओरडा कर, पण आत जाऊ दे तो पाठीवर हवेचा सिलिंडर असलेल्यालाच. आणि वायू मोजायचा मीटर खिशात नको, कॉलरपाशी लाव.

बेंझिनची, म्हणजे पेट्रोलसारख्या तेलांत असणाऱ्या रसायनाची, गोष्ट वेगळी. त्याचा वास गोडसर, नकोसा वाटत नाही. अमेरिकेत आठ तासांच्या पाळीला त्याची मर्यादा १ पीपीएम आहे. नाकाला तो बहुधा त्याच्या वर गेल्यावरच कळतो. तो हाडांतल्या मगजावर घाला घालतो, जिथे रक्त तयार होतं. आधी रक्त कमी होतं, पुढे ल्युकेमियाही होऊ शकतो.

आमच्या वेळी पाळी सुटली की कापलेल्या डब्यात नॅफ्था (पेट्रोलसारखं पातळ तेल, त्यातही बेंझिन असतं) घेऊन ग्रीसचे हात धुवायची रीत होती. हात क्षणात स्वच्छ आणि गारगार. बोटं पांढरी पडायची, पापुद्रे निघायचे. तो गारवा उडणाऱ्या वाफेचा होता, आणि डब्यावर वाकलेले आम्ही ती सरळ छातीत घेत होतो. त्याच डब्यात हात घालणारा माझा एक जोडीदार पुढे रक्ताच्या कर्करोगाने गेला. नॅफ्थामुळेच गेला असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण त्याचे जुने रिपोर्ट कुणाकडेच नव्हते. आजही मला तेच सलतं. तू साबणच वापर, उशीर झाला तरी चालेल.

डिप घ्यायला, म्हणजे टाकीतल्या तेलाची पातळी मोजायला, वर चढलास तर आधी विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, बघ. वारा पाठीवर नाहीतर खांद्यावर घे, आणि झाकण उघडल्या उघडल्या वाकू नकोस. कापडी मास्कने धूळ अडते, वाफ नाही. दाढी वाढवलीस तर खरा मास्कही गालाला नीट बसत नाही.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या प्रक्रियेत काम करणाऱ्याची कामाआधी आणि मग वर्षातून एकदा तरी तपासणी, आणि ती नोंद बघायचा त्याला हक्क, हे तेव्हा आलं. कंत्राटी आहेस म्हणून गप्प बसू नकोस. कंत्राटदार बदलला की फाईल त्याच्याबरोबर जाते, तेव्हा दर वेळी प्रत मागून घे आणि घरी ट्रंकेत ठेव.

पहिला रिपोर्ट आला की त्याची झेरॉक्स मला पाठव. पांढऱ्या पेशींचा आकडा कुठे असतो त्यावर खूण करून परत धाडतो.

तुझा,
काका