एमपीएच करतेय, पण 'डॉक्टर' नाही

प्रश्न : ताई, मी पलूस तालुक्यातली, पुण्यात एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) दुसऱ्या वर्षाला. २०१९च्या पुरात आमच्या घरात छातीभर पाणी होतं. ओसरल्यावर आशाताई दारोदार लेप्टो (पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून गोळ्या वाटत फिरत होत्या. तेव्हाच हे शिकायचं ठरवलं. आता आत्या विचारते, "सुई तरी टोचता येते का गं?" गावाकडं नोकरी मिळेल?

उत्तर : आत्याला सांग, सुई टोचायची वेळच येऊ नये म्हणून शिकतेय. (दिवाळीला ती पुन्हा विचारेलच.) राष्ट्रीय आरोग्य अभियानात जागा निघतात, पण बऱ्याचशा कंत्राटी, काहींना वैद्यकीय पदवीच लागते, म्हणून जाहिरात ओळ न् ओळ वाच.

प्रबंध मात्र कृष्णाकाठावरच कर. टाकीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) पडतं, पण शेवटच्या नळाला क्लोरीन पोचतो का? मी नोकरीत असताना टाकीजवळ ओटी टेस्ट (क्लोरीन असला की पाणी पिवळं होतं) छान पिवळी यायची आणि शेवटच्या गल्लीत पाणी जसंच्या तसं. रजिस्टरात मात्र सगळीकडं 'पिवळा'! पूर ओसरल्यावर तू गल्लीगल्लीत सकाळ-संध्याकाळ तपास, तारीखवार लिही. आकडेमोडीला 'आर' हे सॉफ्टवेअर शिक, फुकट आहे. मुलाखतीला ती वही घेऊन जा.