ढालगावच्या पठारावरून आलेलं पत्र : इलेक्ट्रिकल, सिव्हिल की लॉजिस्टिक्स?

कवठेमहांकाळ तालुक्यातल्या ढालगाव भागातून एका पालकांचं पत्र आलं आहे. घरची द्राक्षबाग आहे, मुलगी बारावी सायन्स झाली, सीईटीला ८४ पर्सेंटाइल आहेत. तिला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करायचं आहे. तिचे मामा रस्त्याची छोटी कंत्राटं घेतात. ते म्हणतात, सिव्हिल घे, रस्त्याची कामं काय संपत नाहीत. एका एजंटानं खासगी विद्यापीठातल्या 'रिन्यूएबल एनर्जी'च्या बीटेकचं माहितीपत्रक घरी आणून दिलं आहे. रांजणीला ड्रायपोर्ट (समुद्रापासून दूर, कंटेनर आणि कस्टमची कामं होणारं कोरडं बंदर) होणार म्हणून लॉजिस्टिक्सचं बीबीए करा, असंही कुणीतरी सुचवलं आहे. पत्राच्या शेवटी ते लिहितात : "पठारावर पवनचक्क्या आहेत, जवळनं महामार्ग गेलाय, रेल्वे स्टेशन आहे. एवढं सगळं दारात असताना पोरीला जिल्ह्यातच काम मिळेल असं काय शिकवू? आणि मुलीच्या जातीनं खांबावर चढायचं का, असं तिची आई विचारते."

सप्रेम नमस्कार,

मुलीला इलेक्ट्रिकलच घेऊ द्या. निर्णय आधी सांगून टाकते, कारण फॉर्म भरायचे दिवस आहेत आणि लांबलचक पत्र वाचायला तुम्हाला बागेतून सवड मिळेलच असं नाही. पण "एवढं सगळं दारात असताना" या तुमच्या वाक्यावर जरा सविस्तर बोलायला हवं. दारातून जाणारी गोष्ट दारात थांबतेच असं नाही, आणि मुलीची नोकरी ती कुठं थांबते यावर ठरणार आहे.

कोयना बघा. धरण पाटण तालुक्यात, शिवसागर जलाशय सातारा जिल्ह्यात, बुडाली ती गावंही तिथलीच. मुख्य वीजघरं मात्र सह्याद्रीच्या पलीकडं, पोफळीच्या बाजूला. पाणी जितकं खोल पडेल तितकी वीज जास्त, आणि तो उतार कोकणात आहे. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजघर मिळून १९६० मेगावॅट क्षमता. या विजेवर मुंबई-ठाण्याचे कारखाने चालले. पाटण तालुक्यात त्या मानानं कारखानदारी किती आली, हे पाटणच्या कुणालाही विचारा. धरणग्रस्तांच्या कित्येक कुटुंबांचे प्रश्न तर अजून चालूच आहेत. बांधकामावर आलेले हजारो हात काम संपलं तसे पांगले. टिकली ती वीजघरातली, उपकेंद्रातली, धरणाच्या देखभालीवरची माणसं. ती थोडी होती, पण त्यांच्या पगारावर पोरं शिकली.

याच्या उलट किर्लोस्करवाडी. कुंडल रोड हे रेल्वेलाइनवरचं एक साधं स्टेशन होतं. औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी जागा दिली आणि १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी त्या माळावर कारखाना मांडला. लोखंडी नांगर आधी, पंप नंतर. पुढं स्टेशनचंच नाव बदललं. तीच गोष्ट कराडजवळच्या ओगलेवाडीची : स्टेशनाच्या लगत काचेचा कारखाना, आणि तिथला प्रभाकर कंदील गावोगाव पोचला. आता विचार करा, पुणे-मिरज लाइनवर स्टेशनं कितीतरी आहेत. मग वाड्या दोनच का झाल्या? गाडी तर सगळीकडंच थांबत होती. या दोन ठिकाणी गाडीत चढवायला माल होता, आणि तो बनवणारे फिटर, ढाळकाम करणारे, काच फुंकणारे कारागीर तिथं राहत होते. रस्ता, रेल्वे किंवा वीज आली की भागाचा विकास होतो असं आपण सहज म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं हातात कसब असलेली माणसं करतात. माझ्याकडं येणाऱ्या पालकांना मी हे सांगते तेव्हा काहींना ते भाषण वाटतं, पण प्रवेशाचा निर्णय यावरच घ्यायचा असतो.

आता तुमचं पठार. ढालगाव, शिराळ्यातलं गुढे-पाचगणी, साताऱ्याकडं वनकुसवडे आणि चाळकेवाडी, इथल्या पवनचक्क्यांमधली पहिली पिढी आता म्हातारी झाली आहे. त्यातल्या बऱ्याच यंत्रांची क्षमता काहीशे किलोवॅट. आज बसणारी नवी यंत्रं तीन मेगावॅट आणि त्याहून मोठी असतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ऊर्जा आठपट होते, आणि उंचावर वारा जोराचा. म्हणून मनोरे उंच आणि पाती लांब होत चालली आहेत. जुन्या यंत्रांच्या जागी नवी बसवण्यासाठी केंद्र सरकारनं २०१६ मध्ये धोरण आणलं आणि २०२३ मध्ये ते सुधारलं. याचा अर्थ काय, तर उद्या तुमच्या पठारावर चक्क्या कमी दिसतील, वीज जास्त निघेल आणि राखणदार कमी लागतील. आजवर गावातल्या पोरांना तिथं प्रामुख्यानं राखणदारीच मिळाली. गिअरबॉक्स, कंट्रोल पॅनेल, ट्रान्सफॉर्मर, रिले (बिघाड झाला की वीज तोडायचा इशारा देणारं उपकरण), संगणकावरून चालणारी देखरेख ही कामं बाहेरून आलेल्या मुलांनी केली, कारण आपल्याकडं त्या शिक्षणाची मुलं तयार नव्हती.

पण खरं सांगू? मुलीसाठी मी पवनचक्कीकडं पहिल्यांदा बघणार नाही. मी बघेन तुमच्या बेदाण्याकडं.

तुमच्या तालुक्यात द्राक्षबाग उभी राहिली ती म्हैसाळच्या उपसा योजनेच्या पाण्यावर. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं म्हणजे मोठाले पंप, उच्च दाबाच्या मोटारी, वीज चालू-बंद करणारं स्विचगिअर आणि भलं मोठं वीजबिल. बिल थकल्यामुळं आवर्तन लांबलेलं तुम्ही अनुभवलं असेल. हे पंप सौरऊर्जेवर चालवायचा प्रकल्प शासनानं हाती घेतला आहे. पुढं द्राक्ष निघालं की एक वाट रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमधून न्हावाशेवा बंदराला जाते, दुसरी बेदाणा होऊन कोल्ड स्टोअरेजमध्ये. बेदाणा शीतगृहात महिनोन् महिने राहतो आणि भाव बघून सौद्याला निघतो. म्हणजे पंपापासून शीतगृहापर्यंत सगळं विजेवर, आणि शीतगृहापासून बंदरापर्यंत सगळं रस्त्यावर. तार आणि रस्ता जिथं एकमेकांना भेटतात तिथं बारमाही नोकरी असते. तासगाव, सांगली, कवठेमहांकाळ इथली शीतगृहं बघा. काँप्रेसर बंद पडला तर रात्री दोन वाजता फोन जातो, आणि ज्याला तो दुरुस्त करता येतो त्याच्याशी मालक पगाराची घासाघीस करत नाही.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनाही लक्षात ठेवा. शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीला, दिवसा वीज मिळावी म्हणून उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचे, आणि जागा देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, त्यात दर वर्षी तीन टक्के वाढ, अशी ती योजना आहे. भाडं जमिनीच्या मालकाला मिळतं. इन्व्हर्टर, केबल आणि संरक्षण यंत्रणा सांभाळायला मात्र शिकलेलं माणूस लागतं, तेही गावाजवळ राहणारं. पाटणच्या डोंगरात पंप स्टोरेजचे, म्हणजे उदंचन प्रकल्प प्रस्तावित आहेत. स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवायचं आणि मागणीच्या वेळी खाली सोडून वीज करायची. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प असाच चालतो. हे होतील तेव्हा होतील. त्यांच्या भरवशावर प्रवेश घेऊ नका, पण झालेच तर तिथंही इलेक्ट्रिकलची माणसं लागणार आहेत.

मामांचं म्हणणं मी खोडून काढत नाही. सिव्हिलला काम आहे. फक्त ते काम रस्त्याबरोबर पुढं सरकतं. रत्नागिरी-सोलापूर महामार्गाचं तुमच्याकडचं काम झालं तसा कंत्राटदाराचा कँप उठला आणि त्याच्याबरोबर साइट इंजिनिअरही गेले. पुणे-बंगळूरचा नवा द्रुतगती मार्ग, शक्तिपीठ महामार्ग यांची चर्चा आहे. शक्तिपीठाला सांगली-कोल्हापुरातल्या शेतकऱ्यांचा विरोधही आहे, आणि ज्यांची बागायत जाणार त्यांनी विरोध का करू नये हे मला तरी कळत नाही. जिला राज्यभर फिरायची तयारी आहे तिनं सिव्हिल जरूर घ्यावं. तुम्ही मात्र जिल्ह्यातच काम हवं असं लिहिलं आहे.

ड्रायपोर्टचं ऐकून बीबीए करू नका. रांजणीचा विषय कित्येक वर्षं चर्चेत आहे. समजा झालाच, तर तिथं कस्टमची कागदपत्रं, कंटेनर यार्ड, शीतसाखळी यांची माणसं लागतील, आणि ते शिक्षण पदवीनंतरही घेता येतं. वाहतुकीतच खरी आवड असेल तर वडोदऱ्याचं गतिशक्ती विश्वविद्यालय बघा. केंद्रीय विद्यापीठ आहे, पण तिथल्या बीटेकला जेईई मेन लागते. तिनं ती दिल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही.

एजंटाच्या माहितीपत्रकाबद्दल स्पष्टच लिहिते. पदवीच्या पातळीवर 'रिन्यूएबल एनर्जी' अशी वेगळी पाटी लावलेली शाखा घेऊ नये, या मताची मी आहे. महावितरण, महापारेषण, महानिर्मिती यांच्या भरतीत इलेक्ट्रिकल ही शाखा थेट विचारली जाते. नव्या नावाची पदवी त्यात बसते की नाही, याचा खुलासा मागत फिरायची वेळ मुलीवर का आणायची? सौर, पवन, बॅटरी हे सगळं इलेक्ट्रिकलच्या पायावर पुढं शिकता येतं. उलटा प्रवास अवघड आहे.

शिवाय पैशाचा हिशेब आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एवढीच की प्रवेश शासनाच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोटा आणि खासगी विद्यापीठं यात येत नाहीत. एजंट जी सीट दाखवतोय ती नेमकी याच्या बाहेरची आहे. त्याला एकदा हा प्रश्न विचारून बघा.

८४ पर्सेंटाइलला सांगलीच्या वालचंदमध्ये किंवा कराडच्या शासकीय महाविद्यालयात इलेक्ट्रिकल मिळणं कठीण आहे. नावं वर टाका, आशा धरून बसू नका. सांगली, सातारा, कोल्हापूर जिल्ह्यांतली दुसरी महाविद्यालयं त्याखाली लावा. बघायचं काय, तर प्रयोगशाळेतली यंत्रं चालू आहेत का आणि शेवटच्या वर्षाची मुलं कुठं अप्रेंटिस जातात. इमारत बघू नका. मनासारखं मिळालं नाही तर आणखी एक वाट आहे जी पालकांना कमीपणाची वाटते, मला नाही : बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मिरज आणि कराडला शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. दोन वर्षांत डिप्लोमा, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. एक वर्ष जास्त जातं, पण डिप्लोमावरच्या आणि पदवीवरच्या अशा दोन्ही भरत्या तिला खुल्या होतात, आणि हाताला काम लागलेलं असतं.

आता तिच्या आईसाठी. वहिनी, इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणजे खांबावरचा माणूस नव्हे. उपकेंद्रातली पाळी, रिलेची चाचणी, पॅनेलचं डिझाइन, मीटरिंग, सौर प्रकल्पाची देखरेख, हे सगळं जमिनीवरचं काम आहे, आणि मुली ते करतात. शासकीय भरतीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. आणि खांबाचंच म्हणाल, तर महावितरणमध्ये तंत्रज्ञ म्हणून लागलेल्या मुली खांबावरही चढतात. तुमच्या मुलीला चढायचंय का, हे तिला विचारलं का? पत्रात तिचं स्वतःचं एकच वाक्य आहे, इलेक्ट्रिकल हवं एवढंच. का हवं, ते कुणीच लिहिलेलं नाही. तिला घेऊन एखाद्या शीतगृहात किंवा जवळच्या उपकेंद्रात परवानगी काढून तासभर जाऊन या. काय प्रश्न विचारते ते बघा, आणि मला कळवा.

या आठवड्यात करायचं काम : उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तर ईडब्ल्यूएस किंवा नॉन-क्रिमिलेअर. तहसीलला या दिवसांत गर्दी असते आणि सर्व्हर बंद पडतो. पसंतीक्रमाची यादी तयार झाली की फॉर्म पक्का करण्याआधी मला एकदा पाठवा.