ट्रंक केला कुणी?

प्रश्न : सर नमस्कार, शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे, रस्त्यापलीकडं गोडाऊन घेतलंय, केबल ओढायला जमेना म्हणून दोन्हीकडं राउटर लावून वायरलेसवर ब्रिज केलं, म्हणजे दोन्हीकडचं नेटवर्क थेट जोडून टाकलं. ऑफिसला जुना सिस्को ३५५० स्विच, गोडाऊनला २९६०, दोन्हीकडचा पोर्ट व्हीलॅन १० मध्ये (व्हीलॅन म्हणजे स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क). पीसी एकमेकांना दिसतात, टॅली चालतंय, पण राउटरचं लॉगिन पेज उघडंना आणि कॅमेऱ्यांचा व्हीलॅन २० पण लिंकवरनं यायला लागलाय. बघतो तर पोर्टपुढं ट्रंक, म्हणजे एकाच लिंकवरनं अनेक व्हीलॅन! राउटरला ट्रंक जुळवता येत नाही, मग हे केलं कुणी? सप्लायर म्हणतोय राउटर बदला.
– एक वाचक, शिरोली

उत्तर : राउटर बदलू नका भावा, त्याचा काही दोष नाही. दोन्ही स्विचनी आपसात ठरवून टाकलंय आणि राउटरनं मधे नुसती चिठ्ठी पोचवलीय. सिस्कोचे स्विच डीटीपी नावाच्या प्रोटोकॉलनं समोरच्याला विचारत असतात, ट्रंक करायचा का म्हणून. ३५५० मुळात डायनॅमिक डिझायरेबल, म्हणजे स्वतःहून मागणारा, आणि २९६० डायनॅमिक ऑटो, कुणी मागितलं तर हो म्हणणारा, दोघं समोरासमोर आले की ट्रंक झालाच (दोन्हीकडं ऑटो असतं तर झाला नसता). आता तुम्ही म्हणाल मधे राउटर आहे की, पण तो राउटिंग करत असता तर डीटीपीची ही फ्रेम (डेटाचं पाकीट) तिथंच संपली असती, तुम्ही ब्रिज केलाय, आणि डीटीपी जातं ०१-००-०सी-सीसी-सीसी-सीसी या मल्टिकास्ट (एकदम अनेकांसाठीच्या) पत्त्यावर, साध्या ब्रिजला ते नेहमीचं मल्टिकास्ट वाटतं, तो पुढं ढकलून देतो. खात्री करायची तर 'शो सीडीपी नेबर्स' मारा, सीडीपीचा (शेजारचं सिस्को उपकरण ओळखणाऱ्या प्रोटोकॉलचा) पत्ता पण तोच, शेजारी म्हणून राउटरच्या जागी थेट गोडाऊनचा स्विच दिसेल.

लॉगिन पेजचं कोडं पण इथंच सुटतं. पीसीच्या फ्रेमवर आता १० चा टॅग, म्हणजे व्हीलॅनच्या नंबरची खूण, चढतो नि पलीकडं उतरतो, म्हणून टॅली चालतंय. राउटर स्वतः मात्र बिनटॅगचं बोलतो, ट्रंकवर ते नेटिव्ह (बिनटॅगच्या फ्रेमसाठीच्या) व्हीलॅन १ मध्ये जाऊन पडतं, तुमच्या १० मध्ये येतच नाही.

'स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन १०' एवढंच टाकून लोक थांबतात, त्यानं मोड बदलत नाही, 'शो इंटरफेसेस स्विचपोर्ट' मध्ये ॲडमिनिस्ट्रेटिव्ह मोड बघा, डायनॅमिकच असणार. दोन्हीकडं 'स्विचपोर्ट मोड ॲक्सेस' द्या (पोर्ट एकाच व्हीलॅनचा) आणि मग 'स्विचपोर्ट नॉननिगोशिएट' (डीटीपीची विचारणा बंद). क्रम हाच ठेवा, डायनॅमिक असताना नॉननिगोशिएट तो घेत नाही. आधी गोडाऊनचा स्विच करा, तिथं कुणाला तरी कन्सोल केबल घेऊन उभं करा, मधेच लिंक तुटली तर रस्ता ओलांडून पळायला नको. आणि कॅमेरे जर ऑफिसातनं बघायचेच असतील तर ट्रंक राहू द्या, पण हातानं करा आणि अलाउड व्हीलॅनमध्ये (ट्रंकवरनं जाऊ द्यायच्या व्हीलॅनच्या यादीत) १० आणि २० एवढेच ठेवा, राउटरच्या लॉगिनसाठी नेटिव्ह व्हीलॅन दोन्हीकडं १० करा.