रस फुटतो की फाटतो?

दापोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे: ‘सासूबाई मालवणच्या. त्या म्हणतात, सोलकढी तापवू नकोस, रस फुटेल. माझ्या माहेरी दूध फाटतं किंवा नासतं. मग नारळाचं दूध फुटतं कसं? बरोबर शब्द कुठला, आणि दोन्हीत घडतं ते एकच का?’

ताई, दोन्ही शब्द बरोबर आहेत. कोकणात नारळाच्या पिळलेल्या दुधाला रसच म्हणतात, शिरवाळ्यांबरोबर खातात तोही रस, आणि तो फुटतो. ‘नासणं’ मात्र मी इथे वापरणार नाही. त्यात खराब होण्याचा अर्थ आहे, आणि फुटलेला रस खराब झालेला नसतो.

आता घडतं काय ते बघू. प्रथिनाच्या साखळीत अमिनो आम्लांची दोन्ही टोकं एकमेकांत गुंतलेली असतात, म्हणून विद्युतभार ठरतो तो मुख्यतः बाजूच्या शाखांवर. ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांच्या शाखा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४ च्या आसपास प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित कण) सोडू लागतात आणि ऋणभारित होतात. लायसिनची शाखा साधारण साडेदहापर्यंत आपला प्रोटॉन धरून असते, म्हणून ती धनभारित. ताज्या दुधाचा पीएच (शेतीखात्याच्या भाषेत सामू) ६.६ च्या आसपास. तिथे केसीन या प्रथिनावर एकूण ऋणभार जास्त असतो, आणि त्याचे कण एकमेकांना दूर ढकलत पाण्यात तरंगत राहतात. लिंबू पिळलं की प्रोटॉन वाढतात, ऋण शाखांना चिकटतात आणि त्यांचा भार पुसतात. ४.६ ला धन आणि ऋण सारखे होतात. हा केसीनचा समविद्युत बिंदू. ढकलणारं कुणी उरत नाही, कण साकळतात, पाणी वेगळं होतं. आम्ल आणखी बरंच वाढवलं तर एकूण भार धन होतो आणि केसीन पुन्हा विरघळू लागतं! स्वयंपाकघरात कुणी तिथवर जात नाही, पण सगळा खेळ भाराचा आहे हे त्यावरून पटतं.

नारळाच्या रसात तेलाचे बारीक थेंब असतात आणि प्रथिनं त्यांच्याभोवती राहून त्यांना वेगळं ठेवतात. या प्रथिनांचा समविद्युत बिंदूही ४ च्या आसपास, आणि सोलकढीतलं आगळ (कोकमाचा अर्क) चांगलंच आंबट. म्हणजे सोलकढीत भाराचा आधार आधीच गेलेला असतो. थंड असेतो ती निभावते, थोड्या वेळाने पाणी खाली बसलं तर ढवळायचं. पण तापवली की प्रथिनांची घडीही मोडते, थेंब एकमेकांत मिसळतात, वर तेलकट चोथा आणि खाली पाणी. नुसता रसही ८० अंशांच्या पुढे उकळत ठेवला तर फुटतो, म्हणून तर माशाच्या कढीत रस शेवटी घालतात. केसीनला मोडण्यासारखी घट्ट घडीच नसते, त्यामुळे ताजं दूध खुशाल उकळतं.

तेव्हा भार पुसला जाणं दोन्हीकडे तेच, पण दुधात प्रथिनच साकळतं आणि रसात तेल सुटतं. वेगळं क्रियापद मला इथे योग्य वाटतं.

विरजलेल्या दुधाला मात्र दोन्ही चालत नाहीत. पीएच तिथेही ४.६ च्या आसपास येतो, पण जिवाणू आम्ल सावकाश आणि सगळीकडे सारखं तयार करतात, म्हणून केसीनची जाळी पाणी धरून ठेवते. दूध फाटलं असं तेव्हा कुणी म्हणत नाही, दही लागलं म्हणतात. भांडं मध्येच हलवलं तर पाणी सुटतं, आणि त्यालाही ‘पाणी सुटलं’ एवढंच म्हणतात.